वाळत घातलेला रस्ता

ता. ६ फेब्रुवारी

खाट येऊन नऊ दिवस झाले आणि तिच्यावर माझी छत्री झोपते आहे. एवढी मऊ गादी छत्रीच्या नशिबी यावी हे मला बघवत नाही. खिडकीकडची भिंत तुला हवी तशी फिकट पिवळी रंगवून घेतली. रंगारी म्हणाला, आजी, हा रंग मळतो. मी म्हटलं, मळू दे, धुणारी येते आहे. तू एक तारखेला येणार होतीस. आज सहा. आता रंगारी जिन्यात भेटला की मी पदराने तोंड पुसल्यासारखं करते.

आता नमस्कार घे. कशी आहेस ते विचारत नाही. चांगली असतीस तर इथे असतीस, आणि आजारी असतीस तर मुलाने कळवलं असतं.

निळे, एकतीस वर्षं आपण हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काढली. तू मशीनवर, मी टेबलावर. तुझे हात निळीने निळे म्हणून तू निळी, माझी जीभ तापलेली म्हणून मी इस्त्री. आपली खरी नावं मुकादमालाही आठवत नसत. भिंतीवरच्या कॅलेंडरात ते परदेशातलं कमानींचं जुनं शहर होतं. ते वर्ष संपलं तरी तू चित्र काढू दिलं नाहीस. काम सुटलं की हे बघायचं आणि परत आल्यावर दोघींनी एका घरात राहायचं, ही दोन्ही कलमं तुझी. मी नुसती मान हलवली होती, तीही बटण लावताना तोंडात दोरा होता म्हणून. पहिलं कलम झालं. दुसऱ्याला तुझा पाय का निघत नाही?

त्या दिवसावरून तोंड फुगवून बसली असशील तर सांगते, हरवलो, सापडलो, संपलं. मी तुला विहिरीच्या पायऱ्यांवर बसवलं, रस्ता शोधायला गेले, तासाभरात परत आले, तर तू जागेवर नाहीस. हलू नकोस असं सांगितलं होतं की नाही? पाय टम्म सुजलेले, आणि बाई निघाल्या फिरायला. आणि वर परतीच्या बसमध्ये, मग विमानातही, खिडकीकडे तोंड करून बसलीस ती घर येईपर्यंत. मी समजले दमलीस. माणसाची दमणूक दोन दिवसांत उतरते. तुझी तीन आठवडे झाले उतरत नाही, म्हणजे ती दमणूक नव्हे.

नात महिन्यातून एकदा बसने येते, डबे भरते, जाते. बाकीचे दिवस मी आणि भिंत. काल पाण्याचा नळ बंद करायला गेले आणि त्याच्याशी दोन शब्द बोलले. उत्तर आलं नाही ते बरं झालं.

अक्षर रेघा सोडून गेलंय, कागदच वाईट आहे. ट्रंक भर.

इस्त्री

*

ता. १९ फेब्रुवारी

ती. मावशींस सा. न.

आपले पत्र मिळाले. आईला दिले. तिने वाचले, घडी घालून उशीखाली ठेवले आणि "बरं" म्हणाली. उत्तर लिही म्हटले तर "तूच लिही" म्हणाली, म्हणून मी लिहीत आहे. मी पाण्याचे मीटर दुरुस्त करणारा माणूस, पत्रांची सवय नाही. चूकभूल माफ करावी.

आईची तब्येत ठीक आहे. पायाची सूज उतरली. दिवसभर कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घालते. मुलांच्या परीक्षा असल्यामुळे सध्या तिचे अंथरूण पुढच्या खोलीत सोफ्याच्या मागे घालतो, पण तिची तक्रार नाही. शेजारी प्रवासाबद्दल विचारतात तेव्हा "कमानी फार मोठ्या होत्या" एवढेच सांगते. आपले नाव निघाले की उठून ओट्याकडे जाते.

एक विचारायचे होते. तिच्या पिशवीत तिथल्या पोलिसांचा कागद निघाला. भाषा कळत नाही पण आकडे कळतात. सापडल्याची वेळ पावणेसहा आहे. आपण तासाभरात परत आलो असे लिहिता. आई म्हणते, जेवून उठल्यावर लगेच बसवून गेलात. मला यातून भांडण काढायचे नाही. नेमके काय झाले ते समजले तर तिला समजावता येईल.

आपल्याकडे राहायला येण्याबद्दल म्हणाल तर आमच्या हिचे म्हणणे आई इथेच बरी. बघू.

आपला,
मोठा मुलगा

*

ता. २७ फेब्रुवारी

"बघू" हा तुझ्या बापाचा शब्द. त्याने जन्मभर बघितलं आणि केलं काही नाही. तू निदान मीटर तरी दुरुस्त करतोस.

चि. मीटरवाल्यास आशीर्वाद. तुला मी इस्त्रीच्या टेबलाखाली चादरींच्या गठ्ठ्यावर झोपवलेला आहे, तेव्हा अरेतुरे खपवून घे. नेमकं काय झालं ते विचारतोस ना, ऐक आणि आईला वाचून दाखव. ती हसली नाही तर मला कळव.

आमचा पेन्शनरांचा मेळा, बावीस डोकी, पुढे छत्रीवाला गाइड. एका पडक्या भिंतीपुढे तो पाऊण तास उभा राहिला. भिंत दोन हजार वर्षांची असेल, माझे गुडघे तिच्या खालोखाल. मी तुझ्या आईला म्हटलं, हा इथे घर बांधायच्या विचारात दिसतो, चल, आपण आपलं बघून येऊ. ती नको म्हणत होती. हे तिच्या बाजूने लिहिते.

आत गल्ल्या. एवढ्या अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने उंबऱ्यावर चढायचं. पाट्या होत्या, पण अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. मग मला युक्ती सुचली. वर बघ म्हटलं. दोन भिंतींच्या मधे दोऱ्याच दोऱ्या, सगळ्या गावाचं धुणं वाळत घातलेलं. आम्हाला पाटी वाचता येत नाही, धुणं वाचता येतं. एकतीस वर्षं दुसरं काय वाचलं? तांबडी चादर आली की डावीकडे. बारकी लंगोटं ओळीने, म्हणजे घरात महिन्याभराचं मूल, तिथून सरळ. एकाच माणसाचे पाच सदरे, पाची उलटे टांगलेले; तुझी आई म्हणाली, हा एकटा राहतो, बाईमाणूस असती तर खांद्यावर पिनेचे डाग पडू दिले नसते. तिथून उजवीकडे. मग जाड पिवळी गोधडी. मी म्हटलं, ही तर संध्याकाळपर्यंत हलत नाही, ही आपली मोठी खूण. तुझ्या आईने हात लावून बघितली, तीही म्हणाली, संध्याकाळ.

पुढे विहिरीचा चौक लागला. विहिरीवर लोखंडी झाकण, भोवती पायऱ्या. तिथे डबे उघडून जेवलो, गप्पा मारल्या. तुझी आई म्हणाली, कॅलेंडरात हा चौक नव्हता, हा आपला आपण शोधला. फार खूश होती. आणि उठून परत निघालो तर वर एक कपडा नाही. नुसत्या दोऱ्या. तिथला वारा भट्टीसारखा कोरडा, दोन तासांत गोधडी वाळून घडी होऊन कपाटात गेलेली. आपल्याकडच्या वाऱ्याचा अंदाज तिथल्या वाऱ्याला लावला आम्ही, तेही एकतीस वर्षं नोकरी केलेल्या दोघींनी. मुकादमाला कळलं असतं तर त्याने पेन्शन परत मागितली असती.

तुझ्या आईला चालवेना. तिला पायऱ्यांवर परत बसवली आणि मी रस्ता शोधायला गेले. एक तास लिहिला होता तो चार असतील, माझ्याकडे घड्याळ नव्हतं. पण मी परत आले होते. एकदा नाही, तीनदा त्या चौकात आले. तिन्ही वेळा पायऱ्या रिकाम्या. मग एका झाडूवाल्याने मला बसपर्यंत नेलं आणि गाइडने पोलिसांना सांगितलं. यात माझं चुकलं असेल तर गोधडीच्या बाबतीत.

आईला सोफ्याच्या मागे झोपवतोस हे तू लिहून कळवलंस, याचं मला नवल वाटतं.

मावशी

*

ता. १५ मार्च

इस्त्री,

मुलाने तुझं पत्र मोठ्याने वाचलं. सून दारात उभी राहून ऐकत होती, नातवंडं हसली. मुकादमाच्या वाक्यापाशी मीही हसले. मग "पायऱ्या रिकाम्या" आलं. ते मी त्याला पुन्हा वाचायला लावलं.

मी पायरीवरून उठले नव्हते. एकदाही नाही. लघवीला जायचं होतं तरी उठले नाही, कारण तू हलू नकोस म्हणाली होतीस आणि तुझा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. समोरच्या घरातली बाई दारात आली, तिने मला खुणेने पाणी प्यायला आत बोलावलं. मी नको म्हटलं, मी आत गेल्यावर तू यायचीस आणि मला शोधायचीस म्हणून. कमानीची सावली माझ्या पायाशी होती ती मांडीवर आली, मग समोरच्या भिंतीवर चढली.

तू तीनदा आलीस हे खरं आहे. मी तिन्ही वेळा बघितलं. पहिल्यांदा पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी आलीस, मशीनपासून तुझं टेबल असायचं तेवढ्या अंतरावर. अंगावर मी विणलेली तपकिरी शाल. सरळ माझ्याकडे बघितलंस. मी हात वर केला. तू वळलीस आणि गेलीस. मला वाटलं, कुणाला तरी विचारून येते आहे. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तू बराच वेळ बघत उभी होतीस. मी हात वर केला नाही. तू बघितलंस, आणि पुढे गेलीस.

सकाळी हॉटेलच्या जिन्यात तू म्हणाली होतीस, तुझ्या या पायांनी आपण जन्मात कुठे पोचत नाही. तेव्हा मी हसले होते. तुझी जीभ मला माहीत आहे. पण पायऱ्यांवर बसल्या बसल्या वाटलं, या वेळी ही खरं बोलून गेली. ओझं झालं की माणूस ते कुठेतरी टेकवतो, तसं मला टेकवलं.

हाक मारली नाही. बघून गेलेल्या माणसाला काय हाक मारायची?

इथे मला बघून पुढे जाणारी माणसं आहेत. वाईट नाहीत, त्यांना कामं असतात. सोफ्याला वळसा घालून जातात, त्याची मला सवय झाली. तुझ्याकडून ती सवय करून घ्यायचं माझं वय नाही. म्हणून मी यायची नाही. खाट कुणाला तरी दे.

हे पत्र मुलाला दाखवलेलं नाही. त्याच्यावर राग धरू नकोस, घर लहान आहे.

निळी

*

ता. २ मे

इस्त्री,

दीड महिना झाला. तुझं उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. साध्या "बरं"वर तू चार पानं खरडणारी. तेव्हा मी लिहिलं ते खरं होतं आणि तुझ्याकडे बोलायला काही उरलं नाही, असंच मी धरते आहे.

मी रागावलेली नाही. एवढंच वाटतं, मला आधी सांगितलं असतंस तर मी बसमध्येच बसून राहिले असते. खिडकीतूनही कमान दिसत होती.

परीक्षा संपल्या. अंथरूण अजून सोफ्यामागेच आहे. तिथे थंड असतं, उन्हाळ्यात बरं पडतं.

निळी

*

ता. ११ मे

तू जागा सोडली नव्हतीस. हे आधी लिहिते, बाकी मागून.

पायऱ्या रिकाम्या होत्या असं मी लिहिलं ते मला तशा दिसल्या म्हणून. आणि तशा दिसल्या कारण मला दिसत नाही. हाताच्या अंतरावरचं कळतं, त्यापुढचं सगळं गढूळ पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं. दोन वर्षं झाली. रंग तेवढे कळतात, तेही मोठाले. पाट्या मुंग्यांसारख्या होत्या हे थाप नव्हे, पण त्या मला आपल्या बसस्टँडवरच्याही तशाच दिसतात. धुणं बघून रस्ता लक्षात ठेवायची युक्ती मला का सुचली, ते आता तुझं तू समज. तू सदऱ्याचे पिनेचे डाग बघत होतीस, मी नुसते पांढरे ठिपके मोजत होते. दोऱ्या रिकाम्या झाल्या तेव्हा तुझा रस्ता गेला. माझं गावच गेलं.

तिसऱ्यांदा उभी राहिले ते पायऱ्यांवर काहीतरी करडं दिसलं म्हणून. करडं लुगडं की करडा दगड, ठरवत होते. हललं असतं तर आले असते. तू हात वर केला नाहीस, आणि मी दगड धरून निघून गेले.

आता उशीर का झाला ते. तुझं पत्र मी भिंग घेऊन वाचलं, मार्चच्या वीस तारखेला. दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं लागणार ते मला माहीत होतं आणि हात पुढे येईना. मग एकतीसला नातीला आणायला स्टँडवर गेले. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून हात हलवत होती म्हणे. मी तिच्याकडे सरळ बघितलं आणि पाठ फिरवून चालू लागले. धावत येऊन तिने माझा दंड धरला. म्हणाली, "आजी, रागावलीस का माझ्यावर?" मी म्हटलं, कशाला रागावू? ती म्हणाली, "मग ओळख का दाखवली नाहीस?" वीस वर्षांची घोडी, भर रस्त्यात रडायला लागली. तेव्हा मला विहिरीचा चौक समजला. तोपर्यंत तुझं पत्र मी नुसतं वाचलं होतं.

तिने दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. उजवा गेलाच. डाव्यावर पट्टी, थेंब, महिनाभर वाचायचं नाही, वाकायचं नाही. तुझं दोन तारखेचं पत्र नातीने वाचून दाखवलं. खिडकीतूनही कमान दिसत होती, इथे तिने मधेच विचारलं, आजी, या कोण? मी म्हटलं, कामावरची. मग तिने पत्राची घडी घातली आणि म्हणाली, "कामावरची अशी लिहिते?" कुठून आली ही जीभ कोण जाणे.

तुला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू प्रवासाला हो म्हटलं नसतंस. म्हटलं असतंस तर सगळं शहर माझा हात धरून दाखवलं असतंस. मला सोबत हवी होती, काठी नको होती. झाकली मूठ झाकलेली ठेवायला गेले आणि तीत तुला चिरडलं. जिन्यातलं ते पायांचं बोलणं होतं ना, तेही याच्यातलंच. तू पुढे गेलीस की मला तुझी पाठ दिसेनाशी व्हायची. तू हळू चालतेस याचं मला बरं वाटत होतं, म्हणून शिव्या देत होते. असं माझं डोकं चालतं, त्याला इलाज नाही.

पण एक माझंही ऐकून घे. हाक का मारली नाहीस? सहा मशीनं चालू असताना तू "इस्त्री" म्हणून ओरडायचीस तेव्हा ऑपरेशनच्या खोलीतले डॉक्टर दचकायचे. त्या चौकात एक मशीन नव्हतं. मी दगडासारखी बघून गेले हे माझ्या डोळ्यांनी केलं. तू दगडासारखी बसून राहिलीस ते कुणी केलं? एवढ्या वर्षांनी मी तुला टाकून जाईन हे तुला तीन वेळांत पटलं. मला तर तू हललीस यावर दोन महिने राग धरून बसावंसं वाटलं, टाकून गेलीस असं एकदाही वाटलं नाही. हा हिशोब मी माफ करत नाही, नुसता लिहून ठेवते.

माझा मुलगा या महिन्याच्या तीस तारखेला न्यायला येतो आहे. त्याच्याकडे दोन खोल्या आणि एक बोळ, बोळ माझा. इथल्या दाराला कुलूप लागेल. हे तुझ्यावर दबाव आणायला लिहीत नाही असं म्हणणार होते, पण दबावच आहे. तो म्हणतो एकटीला ठेवणार नाही. दोघी असलो तर त्याची ना नाही, हे त्याच्याकडून वदवून घेतलं आहे.

येणार असशील तर माझे डोळे सांभाळायला येऊ नकोस. थेंब माझे मी टाकते. गॅस पेटवते, नळ बंद करते, डाळीतला खडा बोटाला कळतो. फक्त धुणं वाळत घालताना दोरी सापडायला वेळ लागतो. तेवढं तू कर. आणि दिवसातून चारदा घरातल्या घरात मला हाक मार, मी कुठेही असले तरी. मला तू कुठे आहेस ते कळेल. मी ओ दिली नाही तर रागाने दिली नाही असं धरायचं नाही, पुन्हा मारायची.

नको असेल तर नको. मी बोळात राहीन, माणसं बोळातही राहतात, तू सोफ्यामागे राहतेसच.

हे पत्र माझं मी लिहिलं. नातीने रेघांवर पट्टी धरून ठेवली, पण शब्द बघू दिले नाहीत. अकरा कागद गेले.

तीस तारखेच्या आत उत्तर हवं. ते तू लिहायचं. मुलाने लिहिलेलं आलं तर मी ते फोडणार नाही, त्याचं "बघू" त्याच्यापाशी ठेव. "नाही" लिहायचं असेल तर तेही तुझ्याच हाताने लिही. अक्षर मुठीएवढं काढ, पानावर एकच शब्द मावला तरी चालेल. तो मला कुणाकडून वाचून घ्यायचा नाही.

इस्त्री